सूत्रं पाठ करण्याआधी कणीक मळा: नववी-दहावीचं रसायन घरी शिकवण्याचा क्रम

संध्याकाळी माझ्याकडे फोंड्यातली नववी-दहावीची मुलं रसायन घेऊन बसतात. वह्या नीटनेटक्या असतात, सूत्रं तोंडपाठ असतात, आणि तरी चाचणीत मॅग्नेशियम क्लोराइडचं सूत्र चुकलेलं असतं. कारण बहुतेक वेळा एकच: शिकण्याचा क्रम उलटा झालेला असतो. आधी समीकरणं घोकायची, मग त्यातली सूत्रं, वेळ उरला तर संयुजा (दुसऱ्याशी जुळताना अणू किती इलेक्ट्रॉन देतो, घेतो किंवा वाटून घेतो तो आकडा). अणू म्हणजे पहिल्या धड्यातलं गोल चित्र, ते पाहून पान उलटायचं. हा लेख तो क्रम सुलटा करण्यासाठी आहे. आई, बाबा, मोठी बहीण, शेजारचा दादा, जो कोणी शिकवायला बसणार असेल त्याच्यासाठी.

टप्पे सहा आहेत. रोज पाऊण तास दिला तर साधारण तीन आठवडे जातात. शेवटच्या प्रयोगाला चार-पाच दिवस लागतात, तो चवथीच्या सुट्टीत चांगला बसतो.

## तयारी

सामान आधी गोळा करा. मधेच उठून शोधायला गेलात की मूल मोबाईल उघडतं.

कणीक चार रंगांची लागेल. हायड्रोजनसाठी साधा मैदा, कार्बनसाठी नाचणीचं पीठ, ऑक्सिजनसाठी मैद्यात बीटाचा रस, नायट्रोजनसाठी मैद्यात कपड्यांची नीळ. मळताना मूठभर मीठ घाला, म्हणजे दोन दिवस आंबत नाही. निळेचा गोळा धाकट्या भावंडांच्या हाताला लागू देऊ नका. बंध दाखवायला माडाच्या झाडूचे हीर, बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे करून. मोजायला चिंचोके आणि हरभरे. काजूच्या कच्च्या बिया घेऊ नका. अंगणात पडलेल्या असतात म्हणून मोह होतो, पण त्यांच्या टरफलातलं तेल हात पोळवतं. शिवाय बुद्धिबळाचा पट, टॉर्चचे दोन सेल, एक लाल एलईडी, पानाचा चुना, सरळ कडांचा काचेचा ग्लास आणि हार्डवेअरच्या दुकानात पॉलिशवाल्यांसाठी मिळतं ते स्टील वूल.

एक काम खास गोव्यातल्या घरांचं. इथे पुष्कळ मुलं चौथीपर्यंत मराठीत शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजीत. तुम्ही ‘संयुजा’ म्हणता, पुस्तकात ‘व्हॅलन्सी’ असतं, आणि मुलाला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. म्हणून पहिल्याच दिवशी दहा-बारा शब्दांची जोडपट्टी करून भिंतीवर लावा: संयुजा म्हणजे व्हॅलन्सी, कवच म्हणजे शेल, ऋणायन म्हणजे अॅनायन, सहसंयुज म्हणजे कोव्हॅलंट. पट्टी मुलाच्या हातानेच लिहून घ्या.

पहिल्या २० मूलद्रव्यांची यादीही त्यानेच लिहायची, हायड्रोजनपासून कॅल्शियमपर्यंत, अणुअंकासह (अणूतल्या प्रोटॉनांची संख्या). एवढंच पाठांतर मी मागतो. बाकी सगळं यातून निघतं.

सावधान: संज्ञा लिहिताना पहिलं अक्षर मोठं, दुसरं लहान. सी मोठा आणि ओ लहान लिहिला तर तो कोबाल्ट धातू. दोन्ही मोठे लिहिले तर तो कार्बन मोनॉक्साइड, विषारी वायू. आणि सोडियमची संज्ञा एस नव्हे; एस गंधकाची. सोडियमची संज्ञा त्याच्या लॅटिन नावावरून, नेट्रियमवरून आली आहे, म्हणून ती एनए.

## टप्पा १: अणूची कवचं मांडा

कागदावर एकाबाहेर एक अशी चार वर्तुळं काढा. मधे अणुअंक लिहा. तेवढे चिंचोके (एक चिंचोका म्हणजे एक इलेक्ट्रॉन) मोजून घ्या आणि आतल्या वर्तुळापासून भरत या: पहिल्यात २, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात ८, उरलेले चौथ्यात. सोडियमचे ११ चिंचोके २, ८, १ असे बसतात. क्लोरीनचे १७ बसतात २, ८, ७.

वीसही मूलद्रव्यं मांडून घ्या. कंटाळवाणं आहे, पण हातानं चिंचोके ठेवल्यावर शेवटच्या वर्तुळाकडे नजर आपोआप जाते, आणि पुढचं सगळं त्या शेवटच्या वर्तुळावरच चालतं.

इथे दोन चुका ठरलेल्या. पहिली, अणुअंकाऐवजी अणुवस्तुमान घेऊन चिंचोके मोजणं. क्लोरीनचं अणुवस्तुमान ३५.५, अर्धा चिंचोका कुठून आणणार, असं विचारलं की मूल स्वतःच हसतं. (हे ३५.५ येतं कारण निसर्गात ३५ आणि ३७ वस्तुमानांकाचे दोन्ही क्लोरीन मिसळलेले असतात आणि पहिला जास्त असतो.) दुसरी चूक हुशार मुलांची. तिसऱ्या कवचात १८ मावतात हे त्यांनी वाचलेलं असतं, म्हणून पोटॅशियम ते २, ८, ९ असा मांडतात. कवच सगळ्यात बाहेरचं असताना त्यात ८ पेक्षा जास्त राहत नाहीत. पोटॅशियम २, ८, ८, १ आणि कॅल्शियम २, ८, ८, २.

तपासा: यादी न पाहता गंधक (१६) मांडायला सांगा. २, ८, ६ आलं तर पुढे.

## टप्पा २: संयुजा काढा, पाठ करू नका

शेवटच्या वर्तुळातले चिंचोके मोजा. ते ४ किंवा कमी असतील तर तीच संयुजा. ४ पेक्षा जास्त असतील तर ८ मधून वजा करा. सोडियम १, मॅग्नेशियम २, अॅल्युमिनियम ३, कार्बन ४, नायट्रोजन ३, ऑक्सिजन २, क्लोरीन १. निऑन आणि आर्गॉन शून्य, कारण वर्तुळ भरलेलं आहे. हेलियमचं पहिलं वर्तुळ दोनातच भरतं, त्याचीही शून्य. बाहेर २ आहेत म्हणून हेलियमची संयुजा २ लिहिणारं मूल दर वर्षी एक तरी भेटतं.

मग लोखंड येतं आणि नियम मोडतो. लोखंडाचा अणुअंक २६. पहिल्या वीसच्या पुढे कवचं भरण्याची रीत बदलते आणि लोखंडाला २ आणि ३ अशा दोन संयुजा असतात. हे तसंच सांगा, उगाच चिंचोके मांडत बसू नका. डिचोली-सांग्याकडच्या खनिजातलं हेमॅटाइट म्हणजे ३ संयुजा असलेलं लोखंड आणि ऑक्सिजन. चिऱ्याचा लाल रंगही लोखंडाच्या ऑक्साइडांचाच. एवढी खूण पुरे.

## टप्पा ३: बंध: देवाणघेवाण की भागीदारी

घाई केली की सगळ्यात जास्त नुकसान याच टप्प्यावर होतं. दोन सत्रं द्या.

पहिलं सत्र मिठाचं. सोडियमच्या कागदावर बाहेर १ चिंचोका, क्लोरीनच्या कागदावर ७. सोडियमचा चिंचोका उचलून क्लोरीनला द्या. आता दोघांचंही बाहेरचं वर्तुळ ८ चं: सोडियमचं तिसरं उरलं नाही, आतलं दुसरं आता बाहेरचं झालं. मुलाला विचारा, सोडियमच्या मधोमध ११ प्रोटॉन आहेत आणि इलेक्ट्रॉन १० उरले, मग प्रभार किती? अधिक एक. क्लोरीनचा उणे एक. असे प्रभार आलेले अणू म्हणजे आयन. विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढतात, झाला आयनिक बंध.

आता कागद बाजूला ठेवा आणि बुद्धिबळाचा पट घ्या. काळ्या घरांत चिंचोके, पांढऱ्या घरांत हरभरे. चिंचोके सोडियम आयन, हरभरे क्लोराइड आयन. मधल्या एका चिंचोक्यावर बोट ठेवा: चार बाजूंना चार हरभरे. पटाच्या वर आणखी एक पट आणि खाली एक पट आहे असं धरलं तर आणखी दोन. म्हणजे प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड. मग यातली ‘जोडी’ कोणती? कुठलीच नाही. आगरवाड्याच्या मिठागरातला खडा घेतला तरी त्यात सोडियम क्लोराइडचा सुटा रेणू सापडत नाही. सूत्र फक्त प्रमाण सांगतं, एकास एक.

सावधान: मीठ दाखवताना कणकेच्या दोन गोळ्यांमधे हीर खुपसू नका. एकदा ते चित्र डोक्यात बसलं की दहावीत मीठ पाण्यात वीज का वाहून नेतं हे समजावताना तुमचीच दमछाक होते.

दुसरं सत्र पाण्याचं. आता हीर काढा. नियम एकच: ज्याची संयुजा जेवढी, त्या गोळ्यात तेवढी भोकं, आणि शेवटी एकही भोक रिकामं राहता कामा नये. हायड्रोजनला १, ऑक्सिजनला २, नायट्रोजनला ३, कार्बनला ४. प्रत्येक हीर म्हणजे भागीदारीतली इलेक्ट्रॉनांची एक जोडी, म्हणजेच एक सहसंयुज बंध.

मुलाला चार रेणू बनवायला द्या, याच क्रमाने. पाणी: ऑक्सिजनला दोन हायड्रोजन, दोन्ही हीर सरळ रेषेत नको, थोडे वाकडे, खरा कोन साधारण १०४.५ अंशांचा. मिथेन: कार्बनला चार. कार्बन डायऑक्साइड: इथे मूल अडतं, कारण एकेका हिराने भोकं रिकामी राहतात. अडू द्या. मिनिटभराने दोन-दोन हीर घालायचं त्यालाच सुचतं. शेवटी नायट्रोजनचा रेणू, दोन गोळ्यांमधे तीन हीर. तो हाताने ओढून सोडवायला सांगा आणि मग मिथेनमधला एक हायड्रोजन ओढायला सांगा. फरक हाताला कळतो. हवेत एवढा नायट्रोजन असून तो कशाशी लवकर संयोग का पावत नाही याचं उत्तर त्या तीन हिरांत आहे.

पडताळा हवाच. दोन सेल एकामागे एक जोडा, एलईडीचा लांब पाय अधिक बाजूला, आणि दोन सुट्या वायरींची टोकं आधी कोरड्या मिठात टेकवा. दिवा लागत नाही. मग बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यात. नाही. साखरेच्या पाण्यात. नाही. मग मिठाच्या पाण्यात, आणि दिवा लागतो. कोरड्या मिठात आयन जागीच अडकलेले असतात, पाण्यात ते मोकळे होतात. साखरेत आयनच नसतात. डिस्टिल्डऐवजी विहिरीचं पाणी वापरलं तर दिवा मंद लागू शकतो आणि सगळा मुद्दा फसतो.

सावधान: फक्त टॉर्चचे सेल. घरातला प्लग नाही, इन्व्हर्टरची बॅटरी नाही. दिवा लागला की पाच सेकंदांत टोकं बाहेर काढा. मिठाच्या पाण्यातून वीज चालू ठेवली की क्लोरीन वायू सुटू लागतो.

## टप्पा ४: सूत्र लिहा

आता संयुजांची अदलाबदल. मॅग्नेशियम २, क्लोरीन १. मॅग्नेशियमचा २ क्लोरीनच्या पायाशी, क्लोरीनचा १ मॅग्नेशियमच्या पायाशी. एक मॅग्नेशियम, दोन क्लोरीन. हे चिंचोक्यांनीही दाखवा: मॅग्नेशियमला दोन द्यायचे आहेत, एक क्लोरीन एकच घेतो, म्हणून दोन क्लोरीन लागले. अदलाबदल ही युक्ती आहे, कारण चिंचोक्यांत आहे. दोन्ही सोबत हवेत.

मॅग्नेशियम क्लोराइड कुठे भेटतं विचाराल तर पावसाळ्यात स्वयंपाकघरात. मिठागरातल्या जाड्या मिठात ते थोडं राहिलेलं असतं आणि हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून आषाढात गावठी मीठ पाझरतं. रस्त्याकडेला पोत्यात विकतात ते मीठ आणि पाकिटातलं बारीक मीठ दोन वाट्यांत उघडं ठेवून बघा.

इथल्या चुका तीन. कॅल्शियम २ आणि ऑक्सिजन २ असताना दोन-दोन लिहून ठेवणं. आयनिक संयुगात ते एकास एक असं लहान करायचं. याच्या उलट, सहसंयुज रेणूत उगाच लहान करणं: हायड्रोजन पेरॉक्साइडमधे दोन हायड्रोजन आणि दोन ऑक्सिजन आहेत, ते एकास एक लिहिलं तर रेणूच बदलतो. विश्वास नसेल तर कणकेत बनवा, दोन ऑक्सिजनमधे एक हीर आणि दोन्ही टोकांना हायड्रोजन. अर्धा तोडला तर भोक रिकामं राहतं. तिसरी चूक कंसाची. विरलेल्या चुन्यात एका कॅल्शियमला हायड्रॉक्साइडचे दोन गट लागतात. कंस घालून बाहेर २ लिहिला तर ऑक्सिजन दोन आणि हायड्रोजन दोन. कंस विसरला तर तो २ एकट्या हायड्रोजनला चिकटतो आणि एक ऑक्सिजन गायब होतो.

तपासा: अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन. दोन अॅल्युमिनियम, तीन ऑक्सिजन आलं का? मग लोखंड (३) आणि ऑक्सिजन करायला सांगा. तेच प्रमाण येतं, आणि मुलाला हेमॅटाइटचं सूत्र न घोकता मिळतं.

## टप्पा ५: समीकरण संतुलित करा

एका मुलाने माझ्यासमोर हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी होण्याचं समीकरण लिहिलं. डावीकडे ऑक्सिजन दोन, उजवीकडे एक. त्याने शांतपणे पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनच्या पायाशी २ लिहिला आणि ‘जमलं’ म्हणाला. आकडे जमले होते खरे. पण पाणी जाऊन तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड आलं होतं, जखम धुवायला वापरतात ते.

म्हणून पहिला नियम: सूत्र लिहून झालं की त्याभोवती पेन्सिलीने चौकट काढा. चौकटीच्या आत हात लावायचा नाही. आकडा लिहायचा तो चौकटीच्या डावीकडे, बाहेर.

क्रम असा ठेवा.

१. आधी पूर्ण वाक्य शब्दांत लिहा: काय जळतं, कशाशी संयोग पावतं, काय तयार होतं.

२. प्रत्येकाचं सूत्र लिहा, चौकटी काढा. ऑक्सिजन, हायड्रोजन, नायट्रोजन, क्लोरीन हे वायू सुटे असतील तर जोडीने लिहायचे, एकटे नाहीत.

३. खाली दोन रकाने: डावीकडे किती, उजवीकडे किती.

४. दोन्ही बाजूंना एकेकाच ठिकाणी येणारं मूलद्रव्य आधी जुळवा. हायड्रोजन नंतर. ऑक्सिजन शक्यतो शेवटी.

५. सुटं मूलद्रव्य (एकट्याचा वायू किंवा धातू) अगदी शेवटी जुळवा, कारण त्याचा आकडा बदलला तर दुसरं काही बिघडत नाही.

स्वयंपाकाच्या गॅसवर करून पाहू. सिलिंडरमधे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन असतात. प्रोपेनच्या रेणूत ३ कार्बन, ८ हायड्रोजन. पूर्ण जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. कार्बन आधी: उजवीकडे ३ कार्बन डायऑक्साइड. हायड्रोजन: ८ आहेत, पाण्यात दोन-दोन, म्हणून ४ पाणी. आता उजवीकडचे ऑक्सिजन मोजा: ३ गुणिले २ म्हणजे ६, अधिक ४, एकूण १०. डावीकडे ऑक्सिजन जोडीने येतो, म्हणून ५ जोड्या.

१ प्रोपेन + ५ ऑक्सिजन → ३ कार्बन डायऑक्साइड + ४ पाणी

हेच ऑक्सिजनपासून सुरू करून बघा. उजवीकडे तो दोन ठिकाणी आहे, त्यामुळे एक जुळवला की दुसरा सुटतो आणि पानभर खोडाखोड होते. ‘मला संतुलन जमतच नाही’ म्हणणाऱ्या मुलांच्या वह्यांत मी हेच पाहतो: गणित बरोबर, सुरुवात चुकीच्या टोकाकडून.

ब्युटेनमधे (४ कार्बन, १० हायड्रोजन) वेगळा अडथळा येतो. ४ कार्बन डायऑक्साइड, ५ पाणी, मिळून १३ ऑक्सिजन, जोड्या साडेसहा. साडेसहा लिहून टाका, घाबरू नका, आणि मग सगळ्या समीकरणाला दोनाने गुणा: २ ब्युटेन, १३ ऑक्सिजन, ८ कार्बन डायऑक्साइड, १० पाणी. पाण्याच्या समीकरणातही हेच होतं: २ हायड्रोजन, १ ऑक्सिजन, २ पाणी.

सरावाला आणखी दोन. हेमॅटाइटवर कार्बन मोनॉक्साइडची क्रिया करून लोखंड मिळवणं: १ हेमॅटाइट, ३ कार्बन मोनॉक्साइड, २ लोखंड, ३ कार्बन डायऑक्साइड. आणि चुन्याच्या निवळीत कार्बन डायऑक्साइड सोडणं, तयार होतं कॅल्शियम कार्बोनेट आणि पाणी. हे दुसरं मी मुद्दाम देतो. ते मुळातच संतुलित आहे, एकही आकडा लागत नाही, पण मुलं कुठेतरी २ घालतातच, कारण नुसतं सोडणं त्यांना अपुरं वाटतं. आधी मोजा, मग ठरवा.

सावधान, आणि हे परीक्षेपुरतं नाही: बंद बाथरूममधे गॅस गीझर चालू असेल आणि हवा कमी पडली तर तोच प्रोपेन असा जळतो: २ प्रोपेन + ७ ऑक्सिजन → ६ कार्बन मोनॉक्साइड + ८ पाणी. एका प्रोपेनला पाचऐवजी साडेतीनच जोड्या मिळाल्या आणि रंग नाही, वास नाही असा विषारी वायू तयार झाला. एक लिटर प्रोपेन पूर्ण जळायला सुमारे २४ लिटर हवा लागते. पावसात झड आत येते म्हणून खिडकीला प्लास्टिक लावलेलं असेल तर ते आजच काढा.

## टप्पा ६: हवा मोजा

आधी मुलाला अंदाज विचारा: हवेत कार्बन डायऑक्साइड किती? दहा टक्के, वीस टक्के अशी उत्तरं येतात. कोरड्या हवेत नायट्रोजन सुमारे ७८ टक्के, ऑक्सिजन २१, आर्गॉन ०.९३, आणि कार्बन डायऑक्साइड फक्त ०.०४ च्या आसपास. पाण्याची वाफ यात धरलेली नाही. ती जागेप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे बदलते, जुलैत आपल्याकडे कपडे का वाळत नाहीत ते तिला विचारा. आर्गॉन तिसरा आहे हे ऐकून मुलं चकित होतात. पहिल्या टप्प्यातला त्याचा कागद काढा: २, ८, ८. त्याला कुणाशी काही घेणंदेणं नाही, म्हणून तो हवेत साचून राहिलाय.

उच्छ्वासात निव्वळ कार्बन डायऑक्साइड असतो, हा दुसरा गैरसमज. बाहेर टाकलेल्या हवेत ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास आणि कार्बन डायऑक्साइड ४ च्या आसपास असतो. तो दिसण्यासाठी चुन्याची निवळी करा: पानाचा चुना चमचाभर, ग्लासभर पाणी, ढवळून झाकून रात्रभर ठेवा, सकाळी वरचं स्वच्छ पाणी अलगद ओतून घ्या. स्ट्रॉने फुंकर घाला, निवळी दुधाळ होते. बराच वेळ फुंकत राहिलात तर पुन्हा स्वच्छ होते, कारण कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट होतं. मुलं मधेच थांबतात किंवा फार पुढे जातात आणि ‘काहीच झालं नाही’ म्हणतात. निवळी उघडी ठेवली तर हवेतल्याच वायूने तिच्यावर साय धरते, म्हणून बाटली बूच लावून ठेवा.

सावधान: फुंकायचं आहे, ओढायचं नाही. डोळ्यांवर चष्मा हवा. चुन्याची कळी विकत आणून घरी विरवू नका. पाणी पडताच ती तापून उडते.

आता ऑक्सिजन. ताटलीत पाणी, मधे मेणबत्ती, वर ग्लास: हा प्रयोग सगळ्यांनी केलेला असतो, आणि ‘पाणी चढलं तेवढा ऑक्सिजन जळला’ असं उत्तर लिहून गुणही मिळवलेले असतात. ते चूक आहे. लक्ष देऊन बघा: पाणी मुख्यतः ज्योत विझल्यावर चढतं. ज्योतीने तापलेली हवा फुगून कडेने बुडबुडे बनून बाहेर गेलेली असते, थंड झाल्यावर ती जागा पाणी घेतं. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा, पाणी आणखी वर चढेल. ऑक्सिजन काही तिप्पट झालेला नाही. शिवाय ग्लासातला सगळा ऑक्सिजन संपण्याआधीच ज्योत विझते. आणि पाचवा टप्पा इथे कामाला येतो. मेणातला एक रेणू २५ कार्बन आणि ५२ हायड्रोजनचा धरला तर ३८ ऑक्सिजन जळून २५ कार्बन डायऑक्साइड होतात. जागा पूर्ण रिकामी होतच नाही, दोन तृतीयांश परत भरते.

ऑक्सिजन मोजायचा तर तो वायू होऊन परत येऊ नये, घन पदार्थात अडकावा. म्हणजे गंज.

१. स्टील वूल भांड्यांच्या साबणाने धुवा, तेल निघालं पाहिजे. मग मिनिटभर व्हिनेगरमधे बुडवा, घरी माडाच्या सुरेचं असेल तर तेही चालतं. पाण्यातून काढून चांगलं झटका. आम्ल राहिलं तर लोखंडाशी क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो आणि पाणी खाली ढकलतो.

२. वूल मोकळं करून ग्लासाच्या तळाशी दाबून बसवा, उलटा केल्यावर पडू नये.

३. ताटलीत दोन बोटं पाणी, त्यात दोन छोटे खडे, त्यांवर ग्लास उलटा. ग्लासाला हाताची ऊब लागली असेल तर पाच मिनिटं थांबा, मग पाण्याची पातळी खुणेने नोंदवा.

४. उन्हापासून दूर ठेवा. रोज एकाच वेळी पट्टीने मोजा. ताटलीतलं पाणी आटलं तर घाला.

तीन-चार दिवसांत पाणी चढून थांबतं. सुरुवातीच्या खुणेपासून ग्लासाच्या टोकापर्यंतची उंची १० सेंटीमीटर असेल तर २ च्या जरा वर यायला हवं.

पाणी चढलंच नाही तर बहुधा भांडी घासायची स्टेनलेसची जाळी वापरली गेली. ती गंजत नाही. दीड सेंटीमीटरवर थांबलं तर वूल कमी होतं किंवा तेलकट राहिलं होतं. तीनच्या वर गेलं तर ग्लास सुरुवातीला गरम होता, किंवा पहिली खूण दुपारी केली आणि शेवटची पावसाळी पहाटे.

मुलं विचारतात, वूलचं वजन करून ऑक्सिजन मोजता येईल का. १०० मिलीलिटर हवेतला ऑक्सिजन भरतो जेमतेम २७ मिलीग्रॅम. तो सोनाराच्या काट्यावर दिसेल, पण गंजात ऑक्सिजनबरोबर पाणीही अडकलेलं असतं, त्यामुळे आकडा फुगतो. पट्टीच बरी.